कातडी लॅबमध्ये तयार होते, मग त्वचादान कशाला?

मैत्रेयी_कोथरूड

त्वचादानाबद्दल कुणाशी बोलायला गेलं की हल्ली एक उत्तर हमखास येतं: "आता कातडी लॅबमध्येच तयार होते ना, मग मेलेल्या माणसाची काढायची कशाला?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. बातमी वाचलेली असते, अर्धीमुर्धी लक्षात राहिलेली असते. पण या समजापायी घरात मृत्यू झाल्यावर त्वचापेढीला फोन जात नाही, आणि त्याचा फटका बसतो आमच्या कक्षातल्या पेशंटला. म्हणून हा धागा.

मी पुण्यात जळीत कक्षात फिजिओथेरपिस्ट आहे. भाजलेली माणसं मी पहिल्या आठवड्यापासून पुढे वर्ष-दीड वर्ष बघते. अंगावर कातडी नसणं म्हणजे काय, आणि नवी कातडी आल्यावरही काय काय राहून जातं, हे रोज समोर असतं.

आधी साधा हिशेब. आपला स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे आपल्या अंगाचा साधारण १ टक्का. दहा-पंधरा टक्के खोल भाजलं असेल तर सर्जन त्याच पेशंटच्या मांडीवरून कातडीचा पातळ थर काढतात आणि जखमेवर लावतात. त्या पट्टीला जाळी पाडली की ती दुप्पट-तिप्पट जागा झाकते. मांडी दोनेक आठवड्यांत भरून येते, गरज पडली तर तिथूनच पुन्हा थर काढता येतो. पण ७० टक्के भाजलेल्या माणसाची कातडी कुठून काढणार? मांडीच जळालेली असते.

लॅबमधल्या कातडीची सुरुवात या प्रश्नातून झाली, आणि ती अलीकडची नाही. १९७५ मध्ये अमेरिकेत जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या बाह्यत्वचेच्या, म्हणजे कातडीच्या वरच्या थराच्या, पेशी काचपात्रात पुन्हा पुन्हा वाढवण्याची रीत शोधली. १९८३ मध्ये बॉस्टनला दोन लहान भाऊ आले, दोघांचं अंग ९५ टक्क्यांहून जास्त भाजलेलं. काखेसारख्या वाचलेल्या जागेतून घेतलेल्या कातडीच्या छोट्याशा तुकड्यापासून पेशींच्या पातळ चादरीच्या चादरी वाढवून त्यांच्या अंगावर लावल्या. दोघं वाचले.

मग अडचण काय? वेळ. तुकडा काढल्यापासून लावण्याजोगी चादर तयार व्हायला तीन-चार आठवडे जातात. तेवढे दिवस पेशंटच्या उघड्या अंगातून पाणी झिरपत राहतं, उष्णता निघून जाते, जंतू आत शिरतात. ड्रेसिंग बदलताना होणाऱ्या वेदनेबद्दल मी इथे लिहीत नाही. या तीन आठवड्यांत पेशंटला जगवतं ते दान केलेल्या त्वचेचं पांघरूण. ते लावलं की झिरपणं थांबतं, वेदना कमी होते, माणूस जरा जेवायला लागतो आणि मला त्याचा हात हलवू देतो.

प्रश्न विचारा. मला माहीत असेल ते सांगेन, इथे संशोधन करणारे आणि डॉक्टरही आहेत, त्यांनीही लिहावं.

चिंचवडकर

मैत्रेयीताई, चांगला विषय. माझे दोन प्रश्न. एक, लॅबमधली कातडी स्टेम सेलपासून करतात म्हणे, त्या गर्भातून काढलेल्या का? आमच्या घरात त्यावरून वाद झालाय. दोन, दुसऱ्याची किडनी शरीर नाकारतं, मग दुसऱ्याची त्वचा कशी चालते?

मैत्रेयी_कोथरूड

दुसऱ्याचं उत्तर मी देते. दुसऱ्याची त्वचा कायमची चालत नाही. मोठ्या भाजण्यात शरीराची प्रतिकारशक्ती आधीच खचलेली असते, म्हणून ती दोन-तीन आठवडे, कधी थोडी जास्त टिकते, मग सुटते. तेवढीच गरज असते. त्यामुळे रक्तगट जुळवायचीही गरज नसते.

पहिल्यासाठी अजिंक्यला हाक मारते.

अजिंक्य_पाषाण

आलो ताई. मी पेशीजीवशास्त्रात पीएच.डी. करतोय, कल्चर रूममध्येच दिवस जातो.

चिंचवडकर काका, भाजलेल्या पेशंटसाठी ज्या चादरी वाढवतात त्यात गर्भाचा काही संबंध नाही. आपल्या प्रत्येकाच्या कातडीत स्वतःच्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, असतात. बाह्यत्वचेच्या सगळ्यात खालच्या थरात त्या बसलेल्या असतात, विभागत राहतात, त्यांची पिल्लं वर सरकत सरकत चपटी होतात, मरतात आणि झडतात. साधारण महिनाभरात वरचा थर बदललेला असतो. लॅबमध्ये आम्ही हीच प्रक्रिया बाहेर चालवतो.

तुकडा आला की एन्झाइममध्ये ठेवून वरची आणि खालची त्वचा वेगळी करायची, वरच्या थराच्या पेशी सुट्ट्या करायच्या आणि पात्रात पेरायच्या. राइनवाल्ड-ग्रीन पद्धतीत पात्राच्या तळाशी उंदराच्या पेशींचा एक थर आधीच असतो. किरणोत्सर्गाने त्यांचं विभाजन बंद केलेलं असतं, पण त्या जिवंत असतात आणि माणसाच्या पेशींना पोसतात. ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पोषकद्रव गुलाबी असतं, पेशी फार झाल्या की ते आम्लधर्मी होऊन पिवळं पडतं. सकाळी आल्या आल्या आधी रंग बघायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली. पहिले काही दिवस इथे-तिथे चार-सहा पेशींची बेटं दिसतात, मग ती फुगत जातात आणि एक दिवस एकमेकांना चिकटून फरशी बसवल्यासारखा सलग थर होतो. पात्रातून चादर सुटी करायला वेगळं एन्झाइम लागतं, आणि सुटली की ती लगेच आक्रसते. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, चिमट्याने नुसती उचलली तरी फाटते. म्हणून ती औषधी जाळीच्या कापडावर अडकवून ऑपरेशन थिएटरात नेतात.

सगळ्या पेशी सारख्या नसतात हे मात्र महत्त्वाचं. काही पेशी थोड्या वेळा विभागून थकतात, आणि मोजक्या पेशी प्रचंड काळ विभागत राहतात. त्यांना होलोक्लोन म्हणतात. चादरीत या मोजक्या पेशी नसतील तर कातडी आज छान दिसेल आणि काही महिन्यांनी विरून जाईल.

याचा सगळ्यात भक्कम पुरावा २०१७ मध्ये आला. जर्मनीत बोखुमला सात वर्षांचा एक सीरियन मुलगा होता. एपिडर्मोलिसिस बुलोसा नावाचा जनुकीय आजार, नुसत्या घासण्याने कातडी सुटून फोड येतात. बहुतेक सगळी कातडी गेली होती, डॉक्टरांनी आशा सोडत आणली होती. इटलीत मोदेनाच्या मिकेले दे लुका यांच्या गटाने त्याच्या शाबूत कातडीचा ४ चौरस सेंटिमीटरचा तुकडा घेतला, पेशींमध्ये बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत घातली, आणि त्यातून जवळजवळ ०.८५ चौरस मीटर कातडी वाढवली. २०१५ च्या अखेरीपासून शस्त्रक्रिया झाल्या, अंगाची ८० टक्के बाह्यत्वचा बदलली. मुलगा शाळेत गेला, फुटबॉल खेळला. पुढे तपासलं तेव्हा त्याची सगळी नवी कातडी त्या मोजक्या होलोक्लोन पेशींवरच उभी असल्याचं दिसलं. मी हा पेपर कितीतरी वेळा वाचलाय आणि दर वेळी अंगावर काटा येतो.

शर्वरी_७

अजिंक्य, मग भाजलेल्या सगळ्यांना हेच का करत नाहीत? माझा दादा विजेच्या धक्क्याने भाजला तेव्हा आम्हाला असलं कुणी काही सांगितलं नाही.

शल्यक_निवृत्त

याचं उत्तर मी देतो. पस्तीसेक वर्षं प्लास्टिक सर्जरी केली, आता निवृत्त.

शर्वरी, विजेचं भाजणं वेगळंच असतं. वर लहान जखम दिसते आणि आत स्नायू, शिरा जळालेल्या असतात. तिथे नुसती वरची कातडी लावून भागत नाही.

आता मोठ्या भाजण्याबद्दल. अजिंक्यने सांगितलेली चादर म्हणजे फक्त बाह्यत्वचा. कातडीची ताकद, लवचीकपणा आणि रक्तपुरवठा असतो खालच्या थरात, डर्मिसमध्ये. खोल भाजलं की तो थर गेलेला असतो. त्याच्याशिवाय नुसती चादर चरबीवर किंवा स्नायूवर पसरली तर काही जागी धरते, काही जागी धरतच नाही. धरलेली सुद्धा महिनोन्महिने नाजूक राहते, कपडा घासला तरी फोड येतो. वरची कातडी खालच्या थराला ज्या सूक्ष्म तंतूंनी टाचलेली असते, ते तंतू तयार व्हायलाच फार वेळ लागतो. आणि डर्मिस नसेल तर जखम भरताना आक्रसते. मान छातीला ओढली जाते, कोपर सरळ होत नाही.

यावर दोन वाटा निघाल्या. १९८१ मध्ये जॉन बर्क आणि योआनिस यानास यांनी कृत्रिम डर्मिसचे निष्कर्ष छापले: गाईचं कोलाजन, शार्कच्या कूर्चेतला एक घटक, वरून सिलिकॉनचा पातळ पडदा. त्या जाळीत पेशंटच्याच पेशी आणि रक्तवाहिन्या शिरतात, मग सिलिकॉन काढून वर पातळ कातडी लावायची. दुसरी वाट चार्ल्स क्युओनो यांनी १९८६ मध्ये मांडली, आणि मैत्रेयीताईंच्या मुद्द्याशी तिचा थेट संबंध आहे. आधी मृत दात्याची त्वचा लावायची. ती धरली, रक्तपुरवठा सुरू झाला की तिचा वरचा थर, म्हणजे शरीर ज्याला मुख्यतः नाकारतं तो थर, खरवडून काढायचा. खालचा डर्मिस तसाच ठेवायचा. आणि त्यावर पेशंटच्या स्वतःच्या पेशींची लॅबमध्ये वाढवलेली चादर बसवायची.

म्हणजे लॅबमधली कातडी नीट बसावी म्हणून खाली दात्याची त्वचा लागते. दोन्ही हातात हात घालून चालतात. ज्यांना हा धागा पूर्ण वाचायचा नसेल त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

खर्चाचं म्हणाल तर पेशी वाढवायला अत्यंत निर्जंतुक जागा, प्रशिक्षित माणसं आणि तपासण्या लागतात. आपल्याकडे भाजणारा माणूस बहुधा गरीब असतो. स्टोव्ह, चूल, गॅसगळती, साडीचा पदर. त्याच्यापर्यंत आज पोहोचते ती त्वचापेढीतली त्वचा.

मैत्रेयी_कोथरूड

डॉक्टर, मनापासून आभार. क्युओनोंची पद्धत मला इतकी सोपी करून कुणी सांगितली नव्हती.

आक्रसण्याबद्दल माझी भर. कातडी धरली की लोकांना वाटतं सुटलो. खरी झुंज त्यानंतर असते. प्रेशर गारमेंट, म्हणजे मापाने शिवलेले घट्ट कपडे, दिवसाचे २३ तास, वर्षभर किंवा जास्त. स्प्लिंट, म्हणजे सांधा सरळ धरून ठेवणारा आधार. रोजचे व्यायाम. आणि लावलेल्या कातडीत घामाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात पुण्याच्या उन्हात ही माणसं अक्षरशः तडफडतात. अंगाचा मोठा भाग घामच गाळत नाही. एक पेशंट रिक्षा चालवायचे, त्यांनी दुपारची पाळी कायमची सोडली.

अजिंक्य, घामाच्या ग्रंथींचं काही होतंय का?

अजिंक्य_पाषाण

ताई, प्रयत्न चालू आहेत, रुग्णापर्यंत आलेलं काही नाही.

इथे दुसऱ्या जातीच्या मूळपेशी येतात, आणि चिंचवडकर काकांच्या प्रश्नाचा उरलेला भागही. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या कातडीतल्या साध्या पेशी काही जनुकांच्या मदतीने मागे नेल्या, इतक्या मागे की त्यांच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी बनवता यावी. यात गर्भ लागत नाही. २०१२ चं नोबेल त्यांना याच कामासाठी विभागून मिळालं. या प्रकारच्या पेशींपासून बॉस्टनच्या एका गटाने २०२० मध्ये त्वचेचे छोटे गोळे वाढवले, चार-पाच महिने लागले, पण त्यात केसांची मुळं होती, तेलग्रंथी होत्या, चेतातंतू होते. उंदरावर लावल्यावर केस उगवले.

रक्तवाहिन्यांची बातमी त्यापुढची. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या गटाने स्वतःच्या रक्तवाहिन्या असलेली त्वचा वाढवल्याचं जाहीर केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतेय ती हीच. फार मोठं काम आहे. पण आकार बघा: ही लहान नमुन्यांची गोष्ट आहे, त्वचेचे आजार समजून घ्यायला आणि औषधं तपासायला आज त्यांचा उपयोग. पाठभर पसरेल एवढी त्वचा, पेशंटची स्वतःची, तीही वेळेत, हे अजून झालेलं नाही.

पेठकर

रक्तवाहिन्यांचा विषय निघालाय म्हणून पुण्याची एक गोष्ट सांगतो, अवांतर वाटलं तरी आहे विषयाचीच.

लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र आणि चित्र छापून आलं. कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेत होता, १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला, आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. मुंबईच्या इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिल्याचं त्यात लिहिलंय. मेणाचा साचा कपाळावर ठेवून तेवढी कातडी सोडवली, पण भुवयांच्या मध्ये ती कपाळाला जोडलेलीच ठेवली, आणि पीळ देऊन खाली नाकावर आणली. जोड तसाच ठेवल्यामुळे रक्त वाहत राहिलं आणि कातडी जगली. नवी जागा धरल्यावर मगच तो जोड कापायचा. ते वाचून जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली.

त्या कारागिराचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. कातडी जगवायची तर रक्त पोहोचलं पाहिजे, हे त्याला कळलं होतं, आणि आज अजिंक्यच्या क्षेत्रातले लोक त्याच प्रश्नाशी झगडतायत.

शल्यक_निवृत्त

पेठकर, अजिबात अवांतर नाही. कपाळाची कातडी वापरून नाक करण्याची पद्धत आम्ही आजही वापरतो, आणि जगभर तिला भारतीय पद्धत म्हणूनच ओळखतात.

लीना_औंध

माझ्या मुलीला कोड आहे, वय १९. एका क्लिनिकने "स्टेम सेल थेरपी" म्हणून काही लाखांचा आकडा सांगितला, चार सेशनचं पॅकेज, आजच पैसे भरले तर सूट. दादांच्या जखमेवरही असंच काही सांगणारे भेटले असतील शर्वरीला. काय करावं?

शल्यक_निवृत्त

लीनाताई, सूट मिळतेय म्हणून आज पैसे भरू नका.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही आजारांसाठीचं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचे उपचार प्रायोगिक मानले जातात. ते मंजूर चाचणीतच द्यायचे, आणि चाचणीतल्या पेशंटकडून त्यासाठी पैसे घ्यायचे नाहीत. क्लिनिकला सरळ विचारा: चाचणीचा सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक द्या. तो ऑनलाइन तपासता येतो. क्रमांक नसेल तर उठून या.

कोडासाठी मात्र एक जुनी, नीट अभ्यासलेली पद्धत आहे आणि तिला स्टेम सेलचं नाव देण्याची गरज नाही. मांडीवरून किंवा कमरेवरून पातळ तुकडा काढतात, एन्झाइमने पेशी सुट्ट्या करतात, रंगपेशींसह तो द्राव घासून तयार केलेल्या डागावर पसरतात. पेशी वाढवतही नाहीत, त्याच दिवशी काम होतं. अट एकच, कोड बराच काळ स्थिर असला पाहिजे, नवे डाग येत असतील तर नाही. मुलीला मोठ्या शासकीय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात दाखवा.

शर्वरी_७

हो, आम्हालाही भेटले होते. दादा आयसीयूत असताना बाहेर व्हरांड्यात एक जण "स्टेम सेल स्प्रे"चं माहितीपत्रक देऊन गेला. आईने दागिने मोडायची तयारी केली होती. ज्याचं माणूस आत पडलंय त्याला असं गाठणं, याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

अजिंक्य_पाषाण

शर्वरी, फवाऱ्याची खरी पद्धत आहे, पण ती वेगळी. ऑस्ट्रेलियात पर्थच्या फिओना वुड यांनी ती विकसित केली, २००२ च्या बाली बॉम्बस्फोटात भाजलेल्यांवर वापरली, २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पेशंटच्याच छोट्या तुकड्यातल्या पेशी सुट्ट्या करून फवारतात, १ चौरस सेंटिमीटरमधून ८० पर्यंत. खोल जखमेवर जाळीदार ग्राफ्टच्या, म्हणजे मांडीवरून काढलेल्या जाळीदार कातडीच्या, जोडीनेच वापरायची. ती सर्जन थिएटरात करतात. व्हरांड्यात माहितीपत्रक वाटून नाही.

रेवती_हिंजवडी

लॅबमधल्या त्वचेचा एक उपयोग कुणी लिहिला नाही. सौंदर्यप्रसाधनं सशांवर तपासणं भारतात २०१४ पासून बंद आहे, युरोपात अशी प्रसाधनं विकायलाही २०१३ पासून बंदी आहे. त्याजागी माणसाच्या पेशींपासून वाढवलेल्या त्वचेच्या चकत्यांवर दाह होतो का ते तपासतात. हे आज रोज चाललेलं काम आहे.

चिंचवडकर

सगळं वाचलं. घरातला वाद मिटेल असं वाटतंय. आता प्रत्यक्ष करायचं काय ते सांगा. आई ८४ वर्षांची आहे, तिचीच इच्छा आहे. चालेल का? आणि खरं सांगतो, देह विद्रूप होईल ही धाकट्या भावाची भीती आहे.

सुनंदा_बिबवेवाडी

चिंचवडकर भाऊ, आम्ही सासूबाईंचं केलं. पहाटे गेल्या, त्याही ऐंशीच्या पुढच्या. मुलाने पेढीला फोन केला, टीम घरी आली. आम्हाला बाहेर बसायला सांगितलं, पाऊण तासात झालं. दोन्ही मांड्या, पिंढऱ्या आणि पाठ. जाड थर काढत नाहीत, अगदी वरचा. रक्त फारसं येत नाही. पांढरी बँडेज नीट गुंडाळून दिली. मग मी आणि जाऊबाईंनी त्यांना त्यांची नेहमीची हिरवी नऊवारी नेसवली, घोटे झाकले गेले, चेहरा, हात जसेच्या तसे. दर्शनाला आलेल्यांपैकी कुणाला काही कळलंही नाही. दहाच्या आत नेलं. भावाला माझ्याशी बोलायचं असेल तर जरूर बोलू दे.

मैत्रेयी_कोथरूड

सुनंदाताई, तुमच्या सासूबाईंना नमस्कार.

चिंचवडकर काका, वय १८ च्या पुढे असलं की चालतं, वरची मर्यादा नाही. मधुमेह, रक्तदाब असला तरी चालतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी, त्वचेचा कर्करोग, रक्तातला जंतुसंसर्ग असेल तर घेत नाहीत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावी लागते. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला आणि जवळच्या नातेवाइकाची संमती लागते, रक्ताचा नमुना तपासणीसाठी घेतात. काढलेली त्वचा ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवून पाच वर्षांपर्यंत टिकते. नेत्रदान केलं तरी त्वचादान करता येतं.

देशातली पहिली त्वचापेढी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० मध्ये सुरू झाली, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये आहे, आपल्या पुण्यातही आहे.

आईंनी फॉर्म भरला तर उत्तम, पण फॉर्मपेक्षा फोन महत्त्वाचा. त्या वेळी घरातलं कुणीतरी भानावर राहून सहा तासांत कळवलं पाहिजे. म्हणून भावाला आत्ताच सांगून ठेवा, आणि शक्य असेल तर फोन करायचं काम त्यालाच द्या.

चिंचवडकर

आईने देहदानाचा फॉर्मही भरलाय. मग?

मैत्रेयी_कोथरूड

ज्या महाविद्यालयात भरलाय तिथल्या शरीररचनाशास्त्र विभागाला या आठवड्यातच विचारून घ्या. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असू शकतो. त्यांनी काय सांगितलं ते इथे लिहा, बाकीच्यांनाही उपयोग होईल.